अण्णांच्या रांगा

अण्णा : ही रोपाची पिशवी कोणी फाडली?

छोटी : उंदरानं फाडली असेल.

अण्णा : उंदीर ब्लेड वापरायला लागले का हल्ली? वरपासून खालपर्यंत सरळ चीर आहे.

छोटी : अण्णा, तुम्ही जाळीखाली बसा बरं. ऊन चढलंय.

अण्णा : विषय बदलू नकोस. इथे एक फाडलेली, झारीमागे आणखी पडल्यात. आणि त्या पोत्याखाली काय झाकलंयस?

छोटी : माती आहे.

अण्णा : मातीला पोतं पांघरतेस? थंडी वाजतेय तिला? केस पिकायला आले तुझे, तरी खोटं बोललीस की अजून कानाची पाळी ओढतेस.

छोटी : कुठे ओढली?

अण्णा : सोड मग ती.

छोटी : तुम्ही आधी चहा घ्या. उद्या सकाळी रोपं चढवायची उतारावर, आज जरा बसून घ्या.

अण्णा : दे. चहा घेत घेत बघतो पोत्याखाली काय आहे ते.

छोटी : हां, फडक्यानं धरा, फडक्यानं... अण्णा! ठेवा खाली! पेला खाली ठेवा आधी!

अण्णा : अगं ओरडतेस काय? सांडला असता.

छोटी : स्टीलचा पेला आहे. आत्ता स्टोव्हवरून उतरवून ओतलाय. मला फडक्यातूनसुद्धा चटका बसला, आणि तुम्ही उघड्या हातानं धरून गप्पा मारताय. बघू बोटं. लाल झालीत, दिसतंय का?

अण्णा : कामाचे हात आहेत. निबर झालेत.

छोटी : निबर हाताला पण चटका बसतो.

अण्णा : तुला काय म्हणायचंय?

छोटी : मला काहीच म्हणायचं नाहीये. सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसलेय ते उगाच का? पण तुम्हाला बघायचंच आहे ना? घ्या. उचललं पोतं.

अण्णा : ही रोपं अशी उघडी का टाकलीस? मुळं सुकतील त्यांची.

छोटी : सुकू देत. हे कामावरच्या बायांच्या रांगेतलं. ह्याचं मूळ बघा. सरळ खाली गेलंय. हे माझ्या रांगेतलं. हेही सरळ. आता हे बघा.

अण्णा : चष्मा कुठे गेला माझा?

छोटी : कपाळावर आहे.

अण्णा : हं. आण इकडे.

छोटी : आकड्यासारखं वळून पुन्हा वर आलंय सोटमूळ. हे दुसरं, ह्याचंही तेच. ह्या तिसऱ्याची तर गाठच बसलीय.

अण्णा : कुठल्या रांगेतली ही?

छोटी : तिकडची.

अण्णा : तिकडची म्हणजे? इथे चारी बाजूला रांगा आहेत.

छोटी : विहिरीकडच्या.

अण्णा : विहिरीकडच्या रांगा माझ्या आहेत.

छोटी : हो. तुमच्याच आहेत.

अण्णा : माती कडक भरली असेल बायांनी. कडक मातीत मूळ वळतं.

छोटी : माती सगळ्यांना एकाच ढिगातली दिली. बीही एकाच झाडाचं.

अण्णा : मग एखादंदुसरं निघतं असं. सगळ्या नर्सऱ्यांत निघतं.

छोटी : मलाही तेच वाटलं. काल संध्याकाळी क्रेट उचलताना एक पिशवी पडली, फुटली. म्हटलं, असेल एखादं. मग दुसरी फाडली. मग तिसरी. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तिथली फाडली. नंतर हातच पुढे जाईना माझा.

अण्णा : पण पानं बघ ना किती तजेलदार आहेत. सगळ्यांत उंच रोपं माझीच आहेत.

छोटी : वरनं छानच दिसतं. वर्षभर छान दिसतं, कधी दोन वर्षं. हे मला कोणी शिकवलं? मी शिकवलं का तुम्हाला?

अण्णा : नाही.

छोटी : "वाफ्यातून रोप उचललं की पानाला धर, दांड्याला धरू नकोस. पिशवीत खुंटीनं खोल भोक पाड. मूळ आत सोड. आणि माती दाबायच्या आधी रोप एवढंसं वर ओढ, म्हणजे आत दुमडलेलं मूळ सुटून सरळ होतं." मी ओढायला विसरले की टपली मारायचात.

अण्णा : हळू मारायचो.

छोटी : काही हळू नाही मारायचात. अजून आठवतं माझ्या डोक्याला.

अण्णा : त्या ओढण्यातच सगळं आहे, छोटी. मूळ मोकळं झालं की चिमटीला कळतं. आत अडकलंय की लोंबतंय, ते बघावं लागत नाही. बोटं सांगतात.

छोटी : आणि आता? आता सांगतात?

अण्णा : चहा निवतोय बघ.

छोटी : अण्णा, मी विचारतेय.

अण्णा : आता काही नाही सांगत. काहीही धरलं तरी कापूस धरल्यासारखं वाटतं. रक्तात साखर निघाली ना, त्यानंतर आधी मुंग्या यायच्या. रात्रभर यायच्या. मग मुंग्याही यायच्या थांबल्या. मला वाटलं, बरं झालं, गेलं दुखणं.

छोटी : आणि घरात एका शब्दानं बोलला नाहीत.

अण्णा : बोललो असतो तर तू काय म्हणाली असतीस? अण्णा, आता घरी बसा. घरी आहे काय? तुझी आई गेल्यापासून त्या घरात घड्याळ तेवढं बोलतं. इथे आलो की कोणी म्हणतं अण्णा बी भिजलं का बघा, कोणी म्हणतं अण्णा हे कशाचं रोप. माणसात असल्यासारखं वाटतं.

छोटी : मला ठाऊक होतं, अण्णा.

अण्णा : काय ठाऊक होतं?

छोटी : तुमच्या बोटांचं. पूर्ण नाही, पण ठाऊक होतं. तुम्ही शर्टाची बटणं लावायची सोडलीत, डोक्यातून घालायचे सदरे मागायला लागलात. गेल्या थंडीत हाच पेला, असाच धरलात. मी बघितलं आणि आत निघून गेले. बायांच्या रांगेतली एखादी पिशवी मी मुद्दाम उपटून बघते. माझीही बघते. तुमच्या रांगेपाशी आले की नुसती पुढे सरकते. बापाच्या कामात बोट घालणारी मी कोण? तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून नाही बघितलं.

अण्णा : आणि मी म्हणायचो, काही चुकत असेल तर छोटी बघेल की. तिची नजर बारीक आहे.

छोटी : छान. दोघांनी मिळून छान नर्सरी चालवली.

अण्णा : हसू नकोस अशी.

छोटी : मी हसत नाहीये. मला रडायला येतंय, आणि तुमच्यासमोर रडायचं नाहीये मला.

अण्णा : बस इथे. ह्या क्रेटवर बस. छोटी, एक सांग. वरच्या उतारावर आपण पहिल्यांदा रोपं लावली होती...

छोटी : ते नका काढू.

अण्णा : काढायलाच पाहिजे.

छोटी : काल रात्रीपासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीये, अण्णा. तेव्हा बाया कामाला नव्हत्या. मी वाफे बघायचे आणि पिशव्या सगळ्या तुम्ही भरल्या होत्या. सगळ्या. रोपं कमरेएवढी झाली, गावानं कौतुक केलं, आणि दुसऱ्या वर्षी कलायला लागली. एकेक करून पिवळी पडली, वाऱ्यानं झोपली. आणि आपण काय म्हणालो?

अण्णा : शेळ्यांनी खाल्ली.

छोटी : शेळ्यांनी खाल्ली! शेळीमामाच्या शेळ्यांनी. गावच्या सभेत उभं कोण राहिलं? तुम्ही. शेजारी बसून मान कोणी डोलावली? मी. त्या बिचाऱ्यानं अख्खा कळप विकला. नावातली शेळी तेवढी राहिली त्याच्याकडे. आणि गेल्या पावसात तो उघडा उतार सुटून खालच्या गल्लीत आला. शिंपीणबाईंची मागची खोली गेली. बाईंचा पाय गेला असता, थोडक्यात वाचला. अजून काठी घेऊन चालतात. आणि मामाला वाटतं ते सगळं त्याच्यामुळे झालं.

अण्णा : मी एक उपटून बघितलं होतं.

छोटी : काय?

अण्णा : सभेच्या आदल्या दिवशी एकटाच वर गेलो होतो. एक वाळलेलं रोप उपटलं. उपटलं कसलं, नुसतं धरलं तर हातात आलं. त्याचं मूळ असंच होतं. हे तुझ्या हातात आहे तसंच.

छोटी : सभेच्या आधी?

अण्णा : तिथल्याच एका दगडाखाली दाबून ठेवलं आणि खाली आलो.

छोटी : आणि दुसऱ्या दिवशी सभेत गेलात.

अण्णा : लोक आधीपासूनच शेळ्या शेळ्या करत होते. मग कोणीतरी म्हणालं, अण्णा जाणते आहेत, अण्णा सांगतील ते खरं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, शेंडे खाल्लेले दिसतायत. खाल्लेलेच होते गं काही. खोटं नाही बोललो मी.

छोटी : खरंही नाही बोललात.

अण्णा : नाही.

छोटी : मी समजत होते तुमचा हात चुकला. हात चुकणं मी समजू शकते. पण तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्यानंतरही पिशव्या भरत राहिलात?

अण्णा : म्हटलं आता जास्त जपून करू. डोळ्यानं बघून करू. बोटं नाहीत तर डोळे आहेत. प्रत्येक रोप जपून लावलं, देवाशप्पथ. पिशवीच्या आत डोळ्याला दिसत नाही.

छोटी : मला तुमचा इतका राग येतोय ना, अण्णा.

अण्णा : येऊ दे.

छोटी : आणि तुमची बोटं लाल झालीत, त्याला काहीतरी लावायला पाहिजे, हेही डोक्यात आहे. काय करू मी तुमचं?

अण्णा : काही करू नकोस.

छोटी : ऐका. नीट ऐका. विहिरीकडच्या रांगा उद्या चढणार नाहीत. ती रोपं त्या उतारावर लावली तर पुन्हा तेच होईल, आणि खाली माणसं झोपतात. पण कारण मी सांगेन. वाळवी लागली म्हणेन. पिशव्या खड्ड्यात रिकाम्या करू, कोणी उकरून बघणार नाही. जेवढी चांगली आहेत तेवढी लावू. तुम्ही तोंड उघडायचं नाही.

अण्णा : आणि शेळीमामा?

छोटी : त्याच्या शेळ्या परत येणार आहेत का आता? बाईंची खोली परत येणार आहे? सगळं गाव तुमच्यावर तुटून पडेल. ह्या वयात मला ते बघायचं नाही.

अण्णा : शेळ्यांनंतर आता वाळवी. दरवेळी कोणीतरी मुकं जनावर सापडतं आपल्याला.

छोटी : श्श. गप्प. मामाच येतोय. पोतं टाका त्यावर. टाका ना!

शेळीमामा : ताई! ओ ताई! क्रेट आणले बघा सगळे, शाळेतले पण मागून आणले. मास्तर म्हणाला परत दे, मी म्हणालो झाडं झाली की त्यांच्याच सावलीत आणून देतो. आणि हे काय, चहा एकट्या एकट्यानं? अण्णा, हे बरं नाही हां.

छोटी : बसा मामा. ओतते.

शेळीमामा : अर्धाच द्या. बाईंकडे पिऊन आलोय. रोजचंच आहे, पाण्याच्या कळशा ठेवल्या की चहा प्यायल्याशिवाय सोडत नाहीत. मी म्हणतो, बाई, मला कशाला चहा पाजता, मला खरं तर काठीनं हाणायला पाहिजे. त्या म्हणतात, काठी तर मला चालायला लागते, तुला हाणू कशानं? हसतात वर. मला नाही हसू येत.

अण्णा : अजून रोज जातोस?

शेळीमामा : जाणार की. त्यांचा पाय धड होता तेव्हा त्या स्वतः आणायच्या पाणी. उतार पुन्हा हिरवा होईस्तोवर मी आणणार, असं मीच बोललोय. त्या म्हणतात, तुला केव्हाच माफ केलं, नको येऊस. माफ करून पाणी थोडंच भरतं? ते जाऊ द्या. उद्या आधी कुठली रांग उचलू? मी म्हणतो, विहिरीकडची. अण्णांची. काय अंगानं भरलीत! माझ्या कळपात असलं एक पिल्लू असायचं, सगळ्यांत आधी तेच विकलं जायचं.

छोटी : ती नाही घ्यायची, मामा.

शेळीमामा : का?

छोटी : त्यांना वाळवी लागलीय.

शेळीमामा : अण्णांच्या रोपांना? छे! कोण म्हणतं? बघू तरी. राख मारू, कडू पाला वाटून घालू. अशी कशी टाकून द्यायची? म्हाताऱ्यानं वाकून वाकून भरल्यात पिशव्या, मी रोज बघतो ना. बायांच्या हाताला विश्रांती असते, ह्यांच्या नाही.

छोटी : नाही मामा, फार पसरलीय.

शेळीमामा : मग मी आज इथे बसून एकेक पिशवी बघतो. जेवढी वाचतील तेवढी वाचतील. मला दुसरं काम काय आहे? ताई, तो उतार माझ्या शेळ्यांनी खाल्ला. एक रोप वाया गेलं तरी मला लागतं. तुम्ही व्हा बाजूला.

छोटी : मामा, नको म्हटलं ना!

शेळीमामा : अहो चिडता कशाला? अण्णा, तुमची पोरगी आज अशी का करतेय? कान बघा किती लाल झालाय, ओढून ओढून.

अण्णा : शेळ्यांनी नाही खाल्ला.

शेळीमामा : काय?

छोटी : अण्णा.

अण्णा : नको थांबवूस. तू इकडे ये. बस. उतार तुझ्या शेळ्यांनी नाही खाल्ला. वाळवीही नाही लागलेली. पोतं उचल ते.

शेळीमामा : थट्टा करताय.

अण्णा : उचल पोतं.

शेळीमामा : उचललं. रोपं आहेत. हे काय, मुळाला आकडा आलाय ह्याच्या.

अण्णा : माझ्या रांगेतलं आहे. माझी बोटं गेलीत. चटका बसत नाही मला, मुळाचं काय कळणार? मूळ आत दुमडलं तसंच दाबलं की ते असं वळतं. वर झाड मोठं होतं, खाली पकड नसते. दोन वर्षांनी झोपतं. वरची सगळी रोपं अशीच होती. शेंडे तुझ्या शेळ्यांनी खुडले असतील चार ठिकाणी, पण शेंड्यानं झाड मरत नाही. ती मेली माझ्या हातानं.

शेळीमामा : अशी मुळं मी बघितलीत, अण्णा. वाळलेली काढायला मीच होतो ना वर. ढीग केला होता. आकडा बघून मला वाटलं, शेळीनं ओढलं म्हणून वाकलं असेल.

अण्णा : शेळीनं नाही.

शेळीमामा : तुम्हाला हे आज कळलं?

छोटी : मला काल कळलं, मामा. आणि आत्ता मीच तुम्हाला वाळवीचं सांगत होते. माझी जीभ कशी वळली, मलाच कळत नाही.

शेळीमामा : तुम्हाला नाही विचारत, ताई. अण्णांना विचारतोय.

अण्णा : मला सभेच्या आदल्या दिवशी कळलं.

(शेळीमामा हातातलं रोप खाली ठेवतो. कलंडलेल्या झारीतून पाणी ठिबकत राहतं.)

शेळीमामा : सभेत मी तुमच्याकडे बघत होतो. सगळे ओरडत होते, मला काही सुचत नव्हतं. म्हटलं, अण्णा बोलतील. अण्णा ओरडत नाहीत, अण्णा खरं काय ते सांगतील. तुम्ही म्हणालात शेंडे खाल्लेत. मग मी वाद घातला नाही. अण्णा म्हणतात म्हणजे खाल्लं असणार.

अण्णा : हो. तू एक शब्द बोलला नाहीस. ते मला जास्त लागलं.

शेळीमामा : लागलं, तरी गप्प राहिलात.

अण्णा : राहिलो. रोज तू कळशा घेऊन ह्या कुंपणावरून जातोस. रोज ठरवतो, आज हाक मारीन. हाक मारतो, आणि चहा घेतोस का विचारतो.

छोटी : मामा, पाणी घ्या थोडं.

शेळीमामा : नको.

अण्णा : मला माफ कर म्हणायचं तोंड नाही मला. पण आज मी बाईंकडे येतो तुझ्याबरोबर. त्यांना मी सांगतो. आणि संध्याकाळी सभा बोलवायला सांग, तिथेही उभा राहून सांगतो. तेव्हा उभा राहिलो होतो तिथेच.

छोटी : मीही येते. मान मीही डोलावली होती.

शेळीमामा : वाकू नका, अण्णा. पायाबियाला हात लावू नका माझ्या. मला ते नाही सहन होणार. बसा वर.

अण्णा : काहीतरी बोल मला. शिव्या दे.

शेळीमामा : काय बोलू? बाईंना सांगा, चांगलं होईल. पण पाणी मी आणीन. लोकांनी सांगितलं म्हणून सुरू नव्हतं केलं ते. ताई, आता उद्याचं काय? रोपं तर चढवायचीत ना?

छोटी : बायांच्या आणि माझ्या रांगा चढवू. तेवढ्यात अख्खा उतार नाही होणार. बाईंच्या घराच्या डोक्यावरचा पट्टा आधी लावू, बाकीचा पुढच्या साली.

शेळीमामा : आणि ही?

छोटी : पिशव्या फाडून काढायची. आकडा छाटायचा, वरचा पालाही छाटायचा, आणि सरळ मुळावर पुन्हा नवी पिशवी. काही फुटतील, काही नाही. एक वर्ष जाईल.

शेळीमामा : मग आणा ब्लेड. कुठून कापायचं ते दाखवा मला.

अण्णा : वळण सुरू होतं ना, त्याच्या जरा वर. तिरका काप दे. असं... नाही जमत मला. सुटतंय हातातून. छोटी, तू दाखव त्याला.

छोटी : हे बघा मामा, इथे. हां. असं. आता पानाला धरून सोडा आत. आणि दाबायच्या आधी जरासं वर ओढा.

शेळीमामा : हे असं?

छोटी : आणखी थोडं. कळलं का बोटाला? सैल झालं?

शेळीमामा : हां. झालं सैल. कळतं की.

अण्णा : कळतं ना?

शेळीमामा : कळतं, अण्णा. अण्णा, माझी काळी आठवते का तुम्हाला? पुढे चालायची ती, एक शिंग मोडकं होतं.

अण्णा : आठवते. माझ्या खिशातून कागद काढून खायची.

शेळीमामा : तीच. सभेतून घरी गेलो आणि तिला धरून झोडपली मी. सगळ्यांत हावरी तीच, म्हटलं हिनंच सुरुवात केली असणार. काठी मोडली. ती पळालीसुद्धा नाही, माझ्याच पायात येऊन उभी राहत होती. मग दुसऱ्या दिवशी कळप न्यायला गाडी आली. गाडीत चढवताना ती मान वळवून वळवून माझ्याकडे बघत होती.

छोटी : मामा, नका ना...

शेळीमामा : मी तिला म्हणालो, आता कशाला बघतेस? कोणी सांगितलं होतं खायला?